सीमेपलीकडची रेंज

परदेशात स्वतःचा मोबाइल चालणे ही सोय १९९० च्या दशकात निर्माण झाली. सामान्य प्रवाशाला ती परवडू लागायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली. या विलंबाचा दोष तंत्रज्ञानाला देता येत नाही. दुसऱ्या देशातल्या मनोऱ्यावरून आपला फोन बोलता करायला कंपन्यांना येणारा खर्च पहिल्यापासून माफक होता. प्रवाशाकडून घेतला जाणारा दर मात्र त्याच्या कितीतरी पट होता. तो दर सरहद्दीवर ठरत नव्हता, दोन कंपन्यांमधल्या करारात ठरत होता. म्हणूनच स्वस्त पर्यायांचा इतिहास हा बराचसा त्या कराराला वळसा घालण्याचा, आणि शेवटी काही ठिकाणी तो करारच बदलायला लावण्याचा इतिहास आहे.

मोबाइलपूर्वीच्या काळात परदेशाशी बोलणे हे मुळातच दुर्मीळ होते. भारताच्या परदेशी दळणवळणाचा मोठा भाग पुणे परिसरातून चालत असे. १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली ती खडकी आणि दौंड येथील केंद्रांवरून. १९३३ मध्ये त्यात रेडिओ टेलिफोनची भर पडली. नारायणगावजवळ आर्वी येथे उभारलेले विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये कार्यान्वित झाले आणि उपग्रहामार्फत परदेशी संभाषण शक्य झाले. १९७६ मध्ये मुंबई आणि लंडन यांच्यात थेट नंबर फिरवून बोलण्याची, म्हणजे आयएसडीची सोय आली. १९८६ मध्ये विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि २००२ पर्यंत भारतातून बाहेर जाणाऱ्या आवाजावर तिचीच मक्तेदारी राहिली. १९९० च्या दशकात अमेरिकेशी एक मिनिट बोलायला पन्नास रुपयांहून अधिक पडत, आणि पिवळ्या पाटीच्या पीसीओमध्ये समोरच्या मीटरवरचे आकडे पाहत लोक वाक्ये आटोपती घेत.

परदेशात गेलेल्या माणसापुढे तेव्हा दोन-तीनच वाटा होत्या. हॉटेलातल्या खोलीतून फोन करणे सर्वांत महाग, कारण हॉटेल मूळ दरावर आपला अधिभार लावत असे. दुसरी वाट म्हणजे पैसे घरच्यांनी द्यायच्या बोलीवर ऑपरेटरकडून जोडून घेतलेला कॉल. तिसरी, आणि पुढे सर्वांत जास्त रुळलेली, म्हणजे कॉलिंग कार्ड. घाऊक व्यापारी दूरध्वनी कंपन्यांकडून लाखो मिनिटे एकदम विकत घेई आणि पाच-दहा डॉलरच्या कार्डांतून ती किरकोळीत विकत असे. कार्डावरचा आवरणाचा पट्टा खरवडायचा, स्थानिक नंबर फिरवायचा, गुप्त क्रमांक दाबायचा आणि मग घरचा नंबर. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा लंडनच्या साउथॉलमध्ये किराणा दुकानाच्या गल्ल्यावर डाळ-तांदळाच्या बिलाबरोबर ही कार्डे विकली जात. त्यांत फसवणूकही पुष्कळ होती. कार्डावर छापलेली मिनिटे प्रत्यक्षात मिळत नसत, जोडणीचा आकार बारीक अक्षरांत लपवलेला असे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ पासून अशा काही कंपन्यांवर कारवाई केली. तरीही दोन दशके स्थलांतरितांच्या संसाराचा आवाज या कार्डांनीच वाहून नेला, हे विसरता येत नाही.

मोबाइल एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन वापरण्याची कल्पना प्रथम उत्तर युरोपात प्रत्यक्षात आली. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी १९८१-८२ मध्ये एनएमटी नावाची समाईक प्रणाली उभारली आणि तिच्यात शेजारी देशात फोन चालण्याची सोय सुरुवातीपासून ठेवली. उरलेल्या युरोपात मात्र ब्रिटनची प्रणाली वेगळी, जर्मनीची वेगळी, फ्रान्सची तिसरीच, आणि एका देशाचा फोन दुसऱ्या देशात निव्वळ वजन ठरे. ही फाटाफूट मिटवण्यासाठी १९८२ मध्ये युरोपीय टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने एक अभ्यासगट नेमला. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे १३ देशांतल्या १५ दूरसंचार संस्थांनी एकच डिजिटल प्रणाली स्वीकारण्याच्या करारावर सह्या केल्या. ती प्रणाली म्हणजे जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये रेडिओलिन्या कंपनीच्या जाळ्यावरून तिचा पहिला कॉल झाला. त्याच वर्षी म्युनिकच्या गीसेके अँड डेव्रिएंट कंपनीने रेडिओलिन्याला पहिली ३०० सिमकार्डे विकली. पुढच्या वर्षी टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पहिला करार झाला.

सिमकार्डामुळे एक मूलभूत बदल घडला: ग्राहकाची ओळख हँडसेटपासून सुटी झाली. प्रत्येक सिमवर पंधरा अंकांपर्यंतचा एक ओळख क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ते ४०४ आणि ४०५ आहेत. विमानतळावर फोन चालू झाला की तिथले जाळे हे अंक वाचते, पाहुणा कोणत्या देशातल्या कोणत्या कंपनीचा आहे ते ओळखते आणि त्या कंपनीच्या केंद्रीय नोंदवहीकडे चौकशी करते. करार असेल आणि ग्राहकाची रोमिंग सेवा सुरू असेल तर होकार येतो व पाहुण्याची तात्पुरती नोंद होते. हे सारे काही सेकंदांत घडते. पुढे त्या ग्राहकाने केलेल्या प्रत्येक कॉलचा हिशेब ठरलेल्या नमुन्याच्या फायलीत भरून त्याच्या मूळ कंपनीकडे पाठवला जातो आणि महिनाअखेर दोन्ही कंपन्या देणे-घेणे फेडतात.

महागाईचे मूळ या शेवटच्या पायरीत होते. परदेशी कंपनी मूळ कंपनीला घाऊक दर लावे, आणि मूळ कंपनी त्यावर आपला नफा चढवून ग्राहकाचे बिल काढी. ग्राहक स्वतःच्या देशात कंपनी निवडताना गावातला दर, रेंज, हँडसेट यांचा विचार करी. वर्षा-दोन वर्षांत एकदा लागणाऱ्या रोमिंगच्या दरावरून कोणी कंपनी बदलत नसे. परदेशात उतरल्यावर फोन आपोआप कोणते तरी जाळे पकडे आणि त्या जाळ्याचा दर प्रवाशाला ठाऊकही नसे. थोडक्यात, दर उतरवायला भाग पाडील अशी स्पर्धा या व्यवहाराच्या कोणत्याच टोकाला नव्हती.

प्रवाशाला सर्वांत जास्त खुपे तो येणाऱ्या कॉलचा आकार. पुण्याहून कोणी लंडनला गेलेल्या नातेवाइकाचा नेहमीचा भारतीय नंबर लावला, तर लावणाऱ्याला देशातल्या कॉलचेच पैसे पडत. पुढचा भारत ते लंडन हा टप्पा फोन उचलणाऱ्याच्या माथी येई, कारण तो कुठे आहे हे लावणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. याहून विचित्र स्थिती एकाच सहलीतल्या दोघांची होत असे. लंडनमधल्या एकाच हॉटेलात उतरलेल्या दोन भारतीय प्रवाशांपैकी एकाने दुसऱ्याला फोन केला तर तो कॉल आधी भारतात येई आणि तिथून परत लंडनला जाई. एकाने लंडन ते भारत बोलण्याचे पैसे द्यायचे, दुसऱ्याने भारत ते लंडन ऐकण्याचे. दोघांमध्ये अंतर मात्र एका जिन्याचे असायचे.

भारतात मोबाइल आला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना केलेला कॉल हा देशातला पहिला मानला जातो. मुंबईत त्याच वर्षी बीपीएल मोबाइल आणि मॅक्स टच या कंपन्यांची सेवा सुरू झाली. उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक स्वतंत्र परिमंडळ करण्यात आले होते, त्यामुळे मुंबईचा मोबाइल घाट चढून पुण्यात नेला तरी तो रोमिंगवर जाई. परदेशी रोमिंगची सोय १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, पण ती मोजक्यांसाठीच. प्रीपेड कार्डाचा बॅलन्स परदेशातल्या जाळ्यातून कॉल चालू असतानाच कापण्याची यंत्रणा तेव्हा रुळलेली नव्हती, म्हणून रोमिंग फक्त पोस्टपेड ग्राहकाला मिळे आणि त्यासाठी कंपन्या अनामत रक्कम घेत. ज्यांच्या खिशात प्रीपेड कार्ड होते त्यांना, म्हणजे देशातल्या बहुसंख्य ग्राहकांना, ही सोय उपलब्धच नव्हती.

हँडसेटचा प्रश्न वेगळा. युरोप, आशिया आणि आफ्रिकेत जीएसएम ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांवर चाले, तर अमेरिकेत १९०० आणि पुढे ८५० वर. भारतात घेतलेला साधा दोन पट्ट्यांचा फोन न्यूयॉर्कला उतरला की मुका होई. १९९९ च्या सुमारास मोटोरोलाच्या टाइमपोर्टसारखे तीन पट्ट्यांचे फोन आले, पण ते महाग होते. २००३ मध्ये आलेला आणि भारतात घरोघरी पोचलेला नोकिया ११०० आशिया-युरोपात उत्तम चाले. अमेरिकेला जाणाऱ्याला वेगळा फोन उसना घ्यावा लागे. जपानची प्रणाली सर्वस्वी निराळी होती, त्यामुळे नारिता विमानतळावर फोन भाड्याने देणाऱ्या खिडक्या चांगल्या चालत. भारतातही डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या रिलायन्सच्या सीडीएमए सेवेचे ग्राहक याच अडचणीत होते: देशात सर्वांत स्वस्त बोलणारा त्यांचा फोन युरोपात निरुपयोगी ठरे.

पट्टे जुळले तरी कुलूप उरे. अमेरिका-युरोपातल्या कंपन्या हँडसेट सवलतीत देत आणि त्याच्या मोबदल्यात तो फक्त आपल्याच सिमवर चालेल अशी तजवीज करत. कुलूपबंद फोनमध्ये दुसऱ्या देशाचे सिम घातले की तो चालत नसे. हे कुलूप काढून देणारी छोटी दुकाने जगभर निघाली. अमेरिकेत मालकाने आपला फोन कंपनीच्या परवानगीवाचून खुला करणे २०१३ मध्ये बेकायदा ठरले तेव्हा लोकांनी मोठा विरोध केला, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये संसदेने कायदा करून ती मुभा परत दिली. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून कुलूपबंद फोन विकण्यावरच बंदी घातली. भारतात सवलतीच्या हँडसेटची पद्धत जीएसएममध्ये फारशी रुजली नाही, लोक फोन रोखीने विकत घेत. त्यामुळे भारतीय प्रवाशाच्या हातातला फोन बहुधा खुला असे, आणि पुढच्या पर्यायाचा लाभ त्याला सहज घेता आला.

हा पर्याय म्हणजे पोचलेल्या देशातले प्रीपेड सिम. पोर्तुगालच्या टीएमएन कंपनीने १९९५ मध्ये रिचार्ज करता येणारे प्रीपेड कार्ड आणले आणि काही वर्षांत ही पद्धत युरोपभर पसरली. मूळ हेतू होता बँक खाते किंवा पत नसलेल्या तरुणांना ग्राहक करून घेण्याचा. पण परदेशी प्रवाशालाही नेमके हेच हवे होते. ना करार, ना पत्त्याचा पुरावा. रेल्वे स्थानकावरच्या दुकानात सिम घ्यायचे, फोनमध्ये घालायचे, आणि त्या देशाच्या दराने बोलायचे. शिवाय युरोपात येणारा कॉल मोफत होता, कारण तिथे पैसे फक्त लावणाराच देई. भारतात २००३ पर्यंत मोबाइलवर येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे युरोपात गेलेल्या भारतीयाला ही मोठीच सवलत वाटे. नवा नंबर घरी एकदा कळवला की मिस्ड कॉल द्यायचा आणि घरच्यांनी आयएसडी लावायचा, असा रिवाज पडला. अमेरिकेत मात्र ऐकणाऱ्याचीही मिनिटे कापली जात, आणि तिथल्या प्रीपेड योजना बरीच वर्षे प्रवाशाला गैरसोयीच्या राहिल्या.

स्थानिक सिमच्या दोन उणिवा होत्या. सीमा ओलांडली की ते स्वतःच रोमिंगवर जाई. बारा दिवसांत सात देश पाहणाऱ्या सहलीला त्याचा उपयोग थोडाच. दुसरी उणीव पुढे कायद्यामुळे आली. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या तपासात प्रीपेड सिमचा धागा सापडला, आणि त्यानंतर अनेक देशांनी ओळखपत्राशिवाय सिम विकणे बंद केले. स्पेनने २००७ मध्ये कायदा केला, जर्मनीने २०१७ पासून ओळख तपासणी कडक केली. ब्रिटनमध्ये तशी सक्ती आली नाही. या नियमांमागचे कारण रास्त असले तरी पासपोर्टची प्रत, अर्ज आणि रांग यांमुळे चार दिवसांच्या प्रवाशाला स्थानिक सिम घेणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

अनेक देशांत फिरणाऱ्यांसाठी एक चतुर व्यवस्था २००० नंतरच्या दशकात निघाली. काही लहान देशांतल्या कंपन्यांचे घाऊक करार असे होते की त्यांच्या ग्राहकाला परदेशात येणारा कॉल जवळजवळ फुकट पडे. एस्टोनिया आणि लिकटेनस्टाइनचे नंबर असलेली प्रवासी सिमे या आधारावर विकली जाऊ लागली. बाहेर जाणारा कॉल महाग असल्यामुळे तो उलटा केला जाई: प्रवाशाने नंबर दाबला की कॉल न लागता फक्त एक सांकेतिक संदेश मध्यवर्ती संगणकाकडे जाई, संगणक प्रवाशाला फोन करी, दुसरीकडे हव्या त्या माणसाला फोन करी आणि दोघांना जोडून देई. जाणारा कॉल अशा रीतीने येणारा होऊन जाई. आवाज थोडा उशिरा पोचे, लावणाऱ्याचा नंबर पलीकडे एस्टोनियाचा दिसे. पण दर रोमिंगच्या एका अंशावर येत.

भारतात याच सुमारास परदेशी सिम देशातूनच विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा धंदा वाढला. मॅट्रिक्स, युनिकनेक्ट, क्ले या कंपन्यांची कार्डे प्रवासी कंपन्यांच्या कार्यालयांत आणि विमानतळांवर मिळत. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती दिल्या की जायच्या देशाचे सिम निघण्यापूर्वीच हाती येई, आणि नंबर आधीच माहीत असल्याने तो घरी लिहून ठेवता येई. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांना आणि मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या निवृत्त आईवडिलांना याचा मोठा दिलासा होता. बिल बहुधा परतल्यावर भारतातल्या पत्त्यावर येई. दूरसंचार विभागाने या विक्रीसाठी ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक केले आणि ही कार्डे भारताबाहेरच वापरण्यासाठी आहेत अशी अट घातली.

वळसे घालण्याऐवजी सीमाच पुसून टाकण्याचा पहिला मोठा प्रयोग युरोपात झाला असे सर्रास समजले जाते. तो मान आफ्रिकेचा आहे. सुदानमध्ये जन्मलेले अभियंते मो इब्राहिम यांनी स्थापन केलेल्या सेलटेल कंपनीने सप्टेंबर २००६ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांत वन नेटवर्क ही योजना सुरू केली. तिन्ही देशांतल्या कोणत्याही ग्राहकाला शेजारी देशात येणारा कॉल मोफत, जाणारा कॉल तिथल्या स्थानिक दराने, आणि रिचार्जही ज्या देशात असेल तिथल्या दुकानातून. आधी नोंदणी नको, अनामत नको, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रीपेड ग्राहकालाही ही सोय होती. पूर्व आफ्रिकेच्या सीमा वसाहतकाळात आखलेल्या आहेत. मसाई लोकांचा प्रदेश केनिया आणि टांझानियात विभागला गेला आहे आणि बुसिया किंवा नमांगासारख्या सीमेवरच्या गावांत रोजचा बाजार दोन्ही बाजूंनी भरतो. इथे परदेश प्रवास म्हणजे भाजी विकायला पलीकडे जाणे. अशा माणसाला श्रीमंत पर्यटकाचा दर लावण्यात कोणता न्याय होता? सेलटेलला हा बदल करता आला याचे कारण साधे आहे. तिन्ही देशांतली जाळी तिचीच होती, घाऊक दर तिला स्वतःलाच द्यायचा होता, म्हणून तो शून्यावर आणायला कोणाची परवानगी लागली नाही. प्रतिस्पर्धी कंपन्यांना लवकरच आपापसांत तशीच व्यवस्था करावी लागली. सेलटेल पुढे झैन झाली, योजना आणखी देशांत पसरली, आणि २०१० मध्ये झैनचा आफ्रिकेतला बहुतेक व्यवसाय भारती एअरटेलने विकत घेतला. रोमिंगमुक्त जाळ्याचा हा वारसा अशा रीतीने एका भारतीय कंपनीकडे आला.

युरोपात मात्र कायद्याचा मार्ग घ्यावा लागला. युरोपीय आयोगाच्या तत्कालीन आयुक्त, लक्झेंबर्गच्या व्हिव्हियन रेडिंग यांनी कंपन्यांचा कडवा विरोध पत्करून दरावर कमाल मर्यादा घालण्याचा आग्रह धरला. ३० जून २००७ पासून लागू झालेल्या नियमाने युरोपीय संघात फिरणाऱ्या ग्राहकाला जाणाऱ्या कॉलसाठी मिनिटाला ४९ आणि येणाऱ्या कॉलसाठी २४ सेंट, कर वगळून, अशी सीमा ठरली आणि ती दरवर्षी खाली आणली गेली. केवळ किरकोळ दर बांधून भागणारे नव्हते. कंपन्यांनी एकमेकींना लावायचे घाऊक दरही बांधण्यात आले, आणि नियमाचे खरे बळ तिथेच होते. १५ जून २०१७ रोजी संघातले रोमिंगचे जादा आकार रद्द झाले. २०२२ मध्ये ही तरतूद २०३२ पर्यंत वाढवण्यात आली. भारतीय प्रवाशालाही त्याचा थेट लाभ झाला. पॅरिसमध्ये घेतलेले एकच सिम रोम, प्राग आणि अॅम्स्टरडॅममध्ये त्याच पॅकवर चालू लागले आणि सात देशांच्या सहलीची जुनी अडचण मिटली. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर मात्र तिथल्या काही कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना युरोपात पुन्हा आकार लावायला सुरुवात केली. नियम उठला की दर चढतो, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

एव्हाना बोलण्यापेक्षा इंटरनेट महत्त्वाचे झाले होते. २००३ मध्ये आलेल्या स्काइपने संगणकावरून संगणकावर मोफत बोलणे रूढ केले आणि परदेशातले सायबर कॅफे प्रवाशांचे फोन बूथ बनले. भारताने एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशी बोलण्यास परवानगी दिली होती. २००७ नंतरचे स्मार्टफोन खिशात पडल्यापडल्या मेल आणि नकाशे ओढू लागले, आणि प्रवाशांना नव्या संकटाची ओळख झाली. डेटा रोमिंगचा दर एका एमबीला शेकडो रुपये असे. फोनला हातही न लावता हजारोंचे बिल येऊ शके. युरोपीय संघाने २०१० मध्ये अशा बिलावर ५० युरोची आपोआप लागणारी मर्यादा आणली. दरम्यान व्हॉट्सॲप, व्हायबर यांनी मोफत संदेश आणि पुढे मोफत कॉल दिले. व्हॉट्सॲपवर बोलण्याची सोय २०१५ मध्ये सर्वदूर झाली. हॉटेलचे किंवा विमानतळाचे वायफाय मिळाले की घरचा चेहरा पडद्यावर दिसू लागला, आणि कॉलिंग कार्डाचा व्यापार थोड्याच वर्षांत आटला. आखातात मात्र ही मोकळीक अपुरी राहिली. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्यास बंदी आहे आणि तिथे राबणाऱ्या कामगारांना घरी बोलण्यासाठी मान्यताप्राप्त ॲपचे पैसे भरावे लागतात. ज्यांना स्वस्ताईची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापर्यंत ती सर्वांत उशिरा पोचते आहे.

कंपन्यांचे धोरण बदलले ते या दडपणाखाली. २०१३ मध्ये ब्रिटनच्या थ्री कंपनीने काही देशांत ग्राहकांना घरचाच पॅक वापरू दिला, आणि अमेरिकेच्या टी-मोबाइलने शंभरहून अधिक देशांत संथ गतीचे इंटरनेट जादा आकाराविना दिले. भारतात जिओच्या २०१६ मधल्या आगमनानंतर देशांतर्गत दर कोसळले, आणि परदेशी रोमिंगसाठीही दिवसाचा किंवा दहा-तीस दिवसांचा ठरावीक रकमेचा पॅक हीच रीत झाली. प्रतिमिनिट, प्रति-एमबी मोजणी प्रवाशाच्या डोक्यातून गेली. तरी पॅक नसताना चालू राहिलेला डेटा अजूनही घात करू शकतो. विमान सुटण्यापूर्वी पॅक घेणे किंवा डेटा रोमिंग बंद करणे आवश्यकच आहे. रोमिंगचा एक गुण मात्र स्थानिक सिममध्ये नाही. रोमिंगवरचा डेटा सहसा मूळ देशातल्या जाळ्यातून फिरून येतो. त्यामुळे चीनमध्ये स्थानिक सिमवर न चालणारे व्हॉट्सॲप किंवा गूगल बाहेरच्या सिमवर चालते.

सिमकार्ड स्वतः आकसत गेले. बँकेच्या कार्डाएवढ्या पहिल्या सिमपासून २०१२ मधल्या नॅनो सिमपर्यंत प्लास्टिक कमी होत गेले, आणि २०१६ मध्ये जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने ग्राहकोपयोगी ई-सिमची मानके जाहीर केल्यावर प्लास्टिकची गरजच संपली. फोनमध्ये जडवलेल्या चिपवर कोणत्याही कंपनीची ओळख दूरवरून उतरवता येते. क्यूआर कोड स्कॅन केला की पुरे. २०१८ च्या आयफोनमध्ये ही सोय आली, २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ ला सिमची खाचच उरली नाही. एअरालो, होलाफ्लाय यांसारख्या कंपन्यांनी देशोदेशींचे डेटा पॅक ॲपवरून विकायला घेतले आणि विमानतळावरची रांग टळली. यांतली बहुतेक ई-सिमे फक्त इंटरनेट देतात, बोलण्याचा नंबर देत नाहीत. पण व्हॉट्सॲपच्या काळात पुष्कळांना तेवढेच पुरते. जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या दूरसंचार विभागाने विनापरवाना विक्री आणि सायबर फसवणुकीतील गैरवापर या कारणांवरून या दोन कंपन्यांची ॲप्स भारतात बंद करायला लावली. परदेशी सिम भारतात विकण्यासाठीचा ना-हरकत प्रमाणपत्राचा जुना नियम ई-सिमलाही लागू आहे.

दोन सिमांच्या फोनने भारतीय प्रवाशाची नेहमीची मांडणी ठरवून दिली आहे: एका बाजूला परदेशी सिम किंवा ई-सिम इंटरनेटसाठी, दुसऱ्या बाजूला भारतीय सिम चालू पण डेटा बंद. भारतीय सिम बोलण्यासाठी नसते, बँकेच्या ओटीपीसाठी असते. कार्डाने खरेदी, आयकर विवरण, आधारची पडताळणी, सगळे त्या नंबरावर येणाऱ्या सहा अंकांवर अडते, आणि रोमिंगवर असताना येणाऱ्या एसएमएसला सहसा आकार नसतो. त्यासाठी निघण्यापूर्वी त्या नंबरावर रोमिंग सुरू करून घ्यावे लागते आणि त्याची वैधता परतीपर्यंत टिकेल असा रिचार्ज ठेवावा लागतो. परदेशी स्थायिक झालेल्यांपैकी अनेकजण केवळ एवढ्यासाठी भारतीय नंबर वर्षानुवर्षे जिवंत ठेवत आले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग आणि आखातातले चार देश अशा दहा ठिकाणच्या मोबाइल नंबरांवर अनिवासी खात्यांना यूपीआय जोडण्याची मुभा दिली, आणि त्या एका व्यवहारापुरती तरी भारतीय सिमची अट सुटली.